मेंदूची वजाबाकी
(प्रस्तावना)

रक्तातले सोडियम 112. हा एकच आकडा दोन वेगवेगळ्या रिपोर्टांवर छापलेला आहे असे समजू. पहिला रिपोर्ट तिशीतल्या एका धावपटूचा. चार-पाच तास धावताना वाटेतल्या प्रत्येक टेबलापाशी थांबून तो पाणी पीत गेला. शर्यत संपल्यावर त्याला उलट्या झाल्या, तो असंबद्ध बोलू लागला आणि आता त्याला झटके येत आहेत. दुसरा रिपोर्ट पंचाहत्तरीच्या आजींचा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू होऊन त्यांना तीन आठवडे झाले. भूक मंदावली आहे, चालताना तोल जातो, ‘आई हल्ली जरा विसरते’ असे मुलगी सांगते. पण आजी खुर्चीत बसून बोलतात, नाव-गाव नीट सांगतात, वर चहात साखर कमी पडल्याची तक्रारही करतात.

‘सोडियम उतरलंय’ हे वाक्य आपल्याकडे आता घरोघरी ऐकू येते. वयस्कर माणूस गोंधळला, पडला, झोपाळला, की पहिली तपासणी सोडियमची होते. ते लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल असायला हवे. 112 पाहिले की कोणताही डॉक्टर दचकतो. पण आकडा एकच असताना एकाचा मेंदू बंद पडायला आलेला आणि दुसरीचा साखरेवरून कुरकुरणारा, हे कसे? आकड्याकडे कितीही वेळ पाहिले तरी याचे उत्तर मिळत नाही. मधल्या काळात मेंदूच्या पेशींनी काय केले, ते पाहावे लागते. आजींच्या मेंदूने तीन आठवड्यांत स्वतःवर उपचार करून घेतले आहेत. धावपटूच्या मेंदूला तेवढी सवड मिळालेली नाही. आणि आजींना खरा धोका आता सुरू होतो, कारण आता आपण त्यांच्यावर उपचार करणार आहोत.

पुढच्या प्रकरणांचा विषय एवढाच आहे: फुगलेली पेशी पुन्हा आपल्या मापात कशी येते, त्यासाठी ती काय खर्ची घालते आणि तो खर्च भरून यायला किती वेळ लागतो.

शरीरातल्या बहुतेक अवयवांना सुजायला जागा असते. मेंदूला ती नाही. एडिंबरोचे शरीररचनाशास्त्रज्ञ अलेक्झांडर मन्रो यांनी 1783 मध्ये लिहून ठेवले की कवटी ताठर आहे, आतला मेंदू दाबून लहान होत नाही, म्हणून आतल्या रक्ताचे प्रमाण जवळपास कायमच राहिले पाहिजे. त्यांचे शिष्य जॉर्ज केली यांनी 1824 मध्ये त्याला शवविच्छेदनाचा आधार दिला. 1821 च्या नोव्हेंबरातल्या वादळात लीथ बंदराजवळ काही माणसे मृत सापडली होती. त्यांतल्या दोघांच्या कवट्या केली यांनी उघडून पाहिल्या होत्या. मेंदूभोवतालचे आणि मेंदूच्या पोकळ्यांतले पाणी मन्रो आणि केली या दोघांच्या हिशेबात नव्हते. ते 1846 मध्ये जॉर्ज बरोज यांनी धरले. आजचा हिशेब ढोबळमानाने असा: कवटीच्या आत ऐंशी टक्के मेंदू, दहा टक्के रक्त, दहा टक्के पाणी. एक वाढले की दुसऱ्याला निघावे लागते. मेंदू थोडा फुगला तर पाणी मणक्याकडे सरकते, शिरांतले रक्त कमी होते आणि दाब आटोक्यात राहतो. ही सोय लवकर संपते. त्यानंतर मात्र थोड्याशा वाढीनेही दाब झपाट्याने चढतो, आणि मेंदू आठ-दहा टक्क्यांनी जरी फुगला तरी तो कवटीच्या तळाच्या भोकाकडे ढकलला जाऊ लागतो. श्वास चालवणारी केंद्रे नेमकी तिथेच आहेत.

रक्त पातळ झाले की मेंदू फुगतो आणि खारट झाले की आकसतो, हे प्रयोगाने दाखवले ते 1919 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ल्युइस वीड आणि पॉल मॅककिबन यांनी. त्यांनी मांजरांच्या शिरेत तीव्र मिठाचे द्रावण सोडले, तेव्हा मणक्यातल्या पाण्याचा दाब कोसळला आणि मेंदू लहान झाला. काकडीला कोशिंबिरीसाठी आधीच मीठ लावून ठेवले तर पाणी सुटते, त्यातला प्रकार. उलट साधे पाणी शिरेतून दिले तेव्हा मेंदू फुगला. आजही मेंदूला सूज आलेल्या रुग्णाला अतिदक्षता विभागात मॅनिटॉल किंवा तीन टक्क्यांचे सलाइन लावतात, त्याच्या मुळाशी हा प्रयोग आहे.

काकडी मात्र पाणी सोडून स्वस्थ बसते. आपली पेशी मीठ लागले की नुसती पडून राहत नाही. मला या विषयाची गोडी लागली ती इथे.

प्राण्यांच्या पेशीची अडचण मुळातच अवघड आहे. वनस्पतीच्या पेशीला भिंत असते; ती फुगली तर भिंतीला टेकून थांबते. गोड्या पाण्यातल्या पॅरामिशियमला आत शिरणारे पाणी गोळा करून बाहेर फेकणारी आकुंचन पावणारी पिशवी असते. आपल्या पेशींना भिंतही नाही आणि अशी पिशवीही नाही. पाणी उचलून बाहेर टाकणारा पंपच आपल्याकडे नाही. त्यात पेशीच्या आत प्रथिने आणि इतर मोठे रेणू कोंडलेले. ते बाहेर जाऊ शकत नाहीत आणि आपल्यासोबत पाणी ओढत राहतात. म्हणजे काहीच केले नाही तर प्रत्येक पेशी सावकाश फुगून फुटेल. ती फुटत नाही, कारण तिच्या पटलावरचा सोडियम-पोटॅशियम पंप आत झिरपणारे सोडियम अहोरात्र बाहेर काढत असतो. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी 1957 मध्ये दाखवला. त्याबद्दलचे नोबेल त्यांना 1997 मध्ये, तब्बल चाळीस वर्षांनी मिळाले. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायूचा खप वीस टक्के, आणि त्या खर्चातला फार मोठा वाटा या एका पंपाकडे जातो. आपण विचार करतो म्हणून मेंदू इतका खातो असे म्हणायची पद्धत आहे. न फुगण्यासाठीही तो बराच खातो.

तेव्हा पाणी काढायचे तर एकच मार्ग उरतो. पाणी ज्याच्या मागे येते ते आधी बाहेर टाकायचे. रक्त पातळ होऊन पेशी फुगली की काही मिनिटांतच पोटॅशियमच्या मार्गिका उघडतात, क्लोराइडच्या उघडतात, दोघे बाहेर पडतात आणि पाणी त्यांच्या पाठोपाठ निघते. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर हे सूक्ष्मदर्शकाखाली समोर घडताना दिसते. पातळ द्रावण घातल्याबरोबर पेशी टम्म फुगते आणि मग, द्रावण तितकेच पातळ असतानाही, हळूहळू पूर्वीच्या आकाराकडे येते.

इतर अवयवांत एवढ्यावर निभावून जाते. मेंदूत नाही. इथे पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात. त्यांच्या मधली मोकळी जागा साऱ्या मेंदूच्या जेमतेम पाचवा हिस्सा. त्या चिंचोळ्या जागेत सगळ्यांनी पोटॅशियम ओतले तर चेतापेशी चाळवतात आणि झटक्यांना निमंत्रण मिळते. शिवाय पोटॅशियमच्या आत-बाहेरच्या फरकावरच चेतापेशीचा विद्युतभार उभा असतो. तो फार घटवून चालणार नाही. म्हणून मेंदूची पेशी दुसरा साठा उघडते. टॉरिन, मायो-इनोसिटॉल, क्रिएटिन, ग्लुटामिन, ग्लुटामेट असे लहान सेंद्रिय रेणू तिच्याजवळ भरपूर असतात. ते पाणी धरून ठेवतात, आणि त्यांतले बहुतेक असे की कमी-जास्त झाले तरी प्रथिनांच्या कामात फारसा व्यत्यय येत नाही. हे रेणू बाहेर पडायला काही तास लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत सोडियम खालीच ठेवले तरी साधारण दोन दिवसांत मेंदूतले पाणी जवळपास पूर्ववत झालेले आढळते. बालकांच्या एका मूत्रपिंडतज्ज्ञाने, माल्कम हॉलिडे यांनी, 1968 मध्ये मेंदूची ही जुळवणूक मोजून मांडली. हॉलिडे पुढे पुन्हा येणार आहेत.

टॉरिनबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. हा रेणू 1827 मध्ये हायडेलबर्गच्या टीडमान आणि ग्मेलिन यांनी बैलाच्या पित्तातून वेगळा केला. तो प्रथिनांत जोडला जात नाही, त्यामुळे पुष्कळ काळ त्याला काही मोठे काम असेल असे कुणाला वाटले नाही. आज त्याचे नाव एनर्जी ड्रिंकच्या डब्यांवर ठळक अक्षरांत असते; त्या डब्यातला टॉरिन कुणाच्या मेंदूच्या पेशी आवरत असेल असे मानायला मला तरी आधार सापडला नाही. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या एर्मिनिया पासांतेस-मोरालेस यांनी मात्र या दुर्लक्षित रेणूचा दशकानुदशके पाठपुरावा केला. फुगलेल्या चेतापेशी आणि मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी टॉरिन कसे सोडतात, याचे आपले बरेचसे ज्ञान त्यांच्या प्रयोगशाळेतून आले आहे. ज्या पदार्थाला स्वतःचे तातडीचे काम नाही, तो फुगवट्याच्या वेळी टाकून द्यायला सोयीचा, असा हा हिशेब.

फुगते कोण, यावरही बराच खल झाला आहे. पाठ्यपुस्तकांत ‘मेंदूची पेशी’ म्हटले की चेतापेशीचे चित्र येते. पण अचानक पातळ झालेल्या रक्ताचा पहिला मार ॲस्ट्रोसाइट झेलतात. ताऱ्यासारख्या फांद्या असलेल्या या पेशी केशवाहिन्यांभोवती आपले पाय रोवून बसतात, आणि त्या पायांवर पाण्याच्या मार्गिका दाटीने बसवलेल्या असतात. पाण्याला अशी वेगळी मार्गिका असते हे पीटर ॲग्री यांनी 1992 मध्ये तांबड्या पेशींतल्या एका प्रथिनावर काम करताना सिद्ध केले. 2003 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मेंदूतल्या मार्गिकेचे नाव अक्वापोरिन-4. चेतापेशींवर ती नसते. म्हणूनच केवळ पाणी वाढल्याने होणाऱ्या सुजेत पुष्कळ चेतापेशी काही काळ आपला आकार टिकवून धरतात. रक्तपुरवठा तुटला की मात्र त्याही झपाट्याने फुगतात.

2000 साली ज्यांच्यात अक्वापोरिन-4 मुळीच नाही असे उंदीर घेऊन एक प्रयोग झाला. भरमसाट पाणी दिल्यावर या उंदरांचा मेंदू कमी सुजला आणि ते अधिक संख्येने जगले. मार्गिका बंद करणारे औषध शोधा, सूज संपली, असा उत्साह त्यामुळे पसरला. चार वर्षांनी दुसरी बाजू दिसली. रक्तवाहिन्या गळून होणाऱ्या सुजेत याच उंदरांची अवस्था इतरांपेक्षा वाईट झाली, कारण पेशींबाहेर साचलेले पाणी परत नेणारी वाटही तीच होती. सुजेचे हे दोन प्रकार, पेशींच्या आतली आणि पेशींच्या बाहेरची, इगोर क्लाट्झो यांनी 1967 मध्येच वेगळे केले होते. हे पुस्तक बहुतांशी पहिल्या प्रकाराबद्दल आहे. डोक्याला मार लागल्यावर दोन्ही एकत्र येतात. त्या गुंत्याला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे आणि ते इतरांपेक्षा कठीण झाले आहे.

आता त्या दाराची हकिकत, जिथून क्लोराइड, टॉरिन आणि ग्लुटामेट बाहेर पडतात. फुगलेल्या पेशीत ऋणभारित कणांची एक मार्गिका उघडते हे 1988 मध्ये लिम्फोसाइटांत आणि आतड्याच्या पेशींत विजेच्या मोजमापाने कळले होते. ती कोणत्या प्रथिनाची बनली आहे ते मात्र सव्वीस वर्षे कळले नाही. दरम्यान कित्येक उमेदवार पुढे आले आणि एकेक करून बाद झाले. 2014 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे एकाच प्रथिनावर बोट ठेवले. एक कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत आर्डेम पटापुटियन यांचा, दुसरा बर्लिनमध्ये थॉमस येन्च यांचा. युक्ती दोघांची सारखीच होती. पेशींत पिवळा चमकणारा एक प्रथिनरेणू भरायचा, जो आयोडाइड लागताच विझतो. बाहेर आयोडाइड घालून द्रावण पातळ करायचे. पेशी फुगते, मार्गिका उघडते, आयोडाइड आत शिरते, चमक जाते. मग हजारो जनुके एकेक करून गप्प करायची आणि कोणत्या पेशीतली चमक टिकून राहते ते पाहायचे. जी विझली नाही, तिच्यात बंद पडलेले जनुक निघाले एलआरआरसी8ए. ‘स्वेल1’ असे त्याचे दुसरे नाव पडले. याच्या चार भावंडांपैकी काही आणि हे स्वतः मिळून सहा जणांचे कडे बनते आणि तीच मार्गिका. हे प्रथिन अगदीच अनोळखी होते असेही नाही. 2003 मध्ये जपानी डॉक्टरांनी, रक्तात प्रतिद्रव्ये तयारच न होणाऱ्या एका मुलीत याच जनुकाचा बिघाड नोंदवला होता. पेशीच्या आकारमानाशी त्याचा संबंध असेल हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. पटापुटियन यांना 2021 चे नोबेल मिळाले ते स्पर्शाच्या मार्गिकांसाठी, या कामासाठी नव्हे.

पेशीला आपण फुगलो हे कळते कसे, यावर अजून एकमत नाही. पटल ताणले गेल्यामुळे की आतले क्षार पातळ झाल्यामुळे? एलआरआरसी8 पुरते पाहिले तर दुसऱ्या बाजूला पुरावा बरा आहे, पण त्याने सगळी निरीक्षणे उलगडत नाहीत. त्या प्रकरणात मी दोन्ही बाजू मांडल्या आहेत आणि निवाडा केलेला नाही.

याच दारातून ग्लुटामेट जाते ही गोष्ट पक्षाघातात महागात पडते. चेतापेशी एकमेकींना चेतवण्यासाठी ग्लुटामेट वापरतात; ते पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असते. रक्तवाहिनी तुंबली की प्राणवायू थांबतो, सोडियमचा पंप थांबतो आणि सोडियम-क्लोराइडसह पाणी आत घुसते. पेशी फुगून दार उघडते, पण आता पूर्ववत व्हायला ताकद नाही. बाहेर पडलेले ग्लुटामेट शेजारच्या चेतापेशींना मरेपर्यंत चेतवते. 2019 मध्ये उंदरांच्या फक्त ॲस्ट्रोसाइटांतून हे प्रथिन काढून टाकले, तेव्हा पक्षाघाताने झालेले नुकसान कमी भरले. पातळ रक्तात जी सोय वाचवते तीच इथे मारते. एमआरआयवर पक्षाघात पहिल्या तासांतच दिसतो तोही पेशी फुगल्यामुळे: पाणी बाहेरच्या मोकळ्या जागेतून पेशींच्या आत कोंडले गेले की त्याची हालचाल मंदावते, आणि ती मंदावलेली हालचाल यंत्र टिपते. मायकेल मोझली यांनी 1990 मध्ये मांजरांवर हे दाखवले. यकृत निकामी झालेल्या रुग्णांत आणखी वेगळा प्रकार असतो. रक्तातला अमोनिया ॲस्ट्रोसाइटांत ग्लुटामिन होऊन साठतो, पेशी फुगू पाहते आणि जागा करण्यासाठी मायो-इनोसिटॉल बाहेर टाकते. एमआर स्पेक्ट्रोस्कोपीवर ग्लुटामिनचा उंचवटा वाढलेला आणि इनोसिटॉलचा खाली बसलेला दिसतो. जिवंत माणसाच्या मेंदूतली ही वजाबाकी डोळ्यांनी पाहता येते अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

पण या पुस्तकाचा गाभा आजींच्या बाबतीत आहे.

1959 मध्ये रेमंड ॲडम्स, मॉरिस व्हिक्टर आणि एलियट मॅन्कॉल यांनी चार रुग्णांचे वर्णन केले. दारूचे व्यसन किंवा कुपोषण असलेली माणसे. त्यांच्या मेंदूस्तंभाच्या मधल्या भागात, पॉन्समध्ये, चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण नाहीसे झालेले, तंतू मात्र बहुतांशी शाबूत. हातपाय लुळे, बोलता येत नाही, गिळता येत नाही. लेखकांचा संशय आहाराच्या उणिवेवर किंवा एखाद्या विषावर होता. हा आजार रुग्णालयाबाहेर क्वचित आणि रुग्णालयात दाखल झालेल्यांतच का दिसतो, हे कोडे त्यांच्यानंतर वीस वर्षे तसेच राहिले. मग 1981 ते 1983 च्या दरम्यान उंदरांवर आणि कुत्र्यांवर प्रयोग झाले. प्राण्यांचे सोडियम काही दिवस खाली ठेवले; आजार झाला नाही. ते भराभर वर आणले, आजार झाला.

1986 च्या जून महिन्यात ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात, एकापाठोपाठ एक, दोन लेख छापले गेले. पहिला ॲलन एरिफ यांचा. पंधरा निरोगी स्त्रिया, साध्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रिया, त्यानंतर सुमारे दोन दिवसांनी झटके आणि श्वास बंद. त्यांचे सोडियम सरासरीने 138 वरून 108 वर आले होते. शस्त्रक्रियेच्या ताणाने मूत्रपिंडे पाणी सोडेनाशी झाली होती आणि शिरेतून पातळ द्रावण चालूच होते. काही जणी दगावल्या, बाकीच्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. वाचकाने घ्यायचा धडा उघड होता: सोडियम घसरणे जीवघेणे असते, तातडीने वर आणा. हा लेख संपला त्याच पानावर दुसरा लेख सुरू होत होता, रिचर्ड स्टर्न्स आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी आठ रुग्ण मांडले. सोडियम दिवसाला 12 मिलिमोलपेक्षा अधिक वेगाने वर आल्यानंतर त्या सर्वांचा मेंदू बिघडला होता. त्यांनी या आजाराला जे नाव दिले त्यात दोष क्षारांच्या उलथापालथीकडे होता. इथला धडा: घाई करू नका.

पुढची कित्येक वर्षे या दोन गटांत कडाक्याचे वाद झाले. ते वाचताना जाणवते ते असे की दोघेही आपापल्या रुग्णांबद्दल बरोबर होते. एरिफ यांच्या रुग्णांचा मेंदू दोन दिवसांच्या आत फुगला होता. त्याने अजून पुरेसे काही बाहेर टाकले नव्हते आणि कवटीतली जागा संपली होती. तिथे उशीर म्हणजे मृत्यू. स्टर्न्स यांच्या रुग्णांच्या मेंदूने आपले टॉरिन, इनोसिटॉल, क्रिएटिन बाहेर टाकून आकार सांभाळलेला होता. त्यांच्या भोवतालचे रक्त एकदम खारट केले तेव्हा पेशीजवळ पाणी धरून ठेवायला काही उरलेच नव्हते. ती आकसली. पोटॅशियम आणि क्लोराइड परत घ्यायला तास पुरतात, किंबहुना ते गरजेपेक्षा जास्तच घेतले जातात. सेंद्रिय रेणूंसाठी मात्र पेशीला त्यांना आत ओढणारी प्रथिने नव्याने बनवावी लागतात. 1991 च्या उंदरांवरच्या मोजणीत पाच दिवसांनंतरही त्यांतल्या काहींचा साठा भरलेला नव्हता. मेंदूच्या ज्या भागांत ही भरपाई सर्वांत सावकाश होते, मायलिन तिथेच झडते. 2011 मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी दाखवले की या पडझडीत आधी ॲस्ट्रोसाइट मरतात आणि मायलिन मागाहून जाते.

या आजाराचा एक क्रूर गुण असा की त्याच्या आधी रुग्ण सुधारतो. सोडियम वर येते, आजी टवटवीत होतात, घरचे समाधानाने घरी जाऊन झोपतात. दोन ते सहा दिवसांनी जीभ जड होते.

हॉलिडे इथे परत येतात. मेंदू सोडियमच्या घसरणीशी कसा जुळवून घेतो हे मोजणाऱ्या याच माणसाने 1957 मध्ये विल्यम सिगार यांच्यासोबत मुलांना शिरेतून किती पाणी द्यायचे याचे सूत्र दिले होते: पहिल्या दहा किलोंना किलोमागे 100 मिलिलिटर, पुढच्या दहांना 50, त्यापुढे 20. जगभरच्या बालरोग विभागांत, आपल्याकडेही, शिकाऊ डॉक्टर हे सूत्र पाठ करतात. पाण्याचा हिशेब उत्तम होता. त्यासोबत सुचवलेले क्षारांचे प्रमाण निरोगी मुलाच्या आहारावर बेतलेले होते, आजारी मुलाच्या मूत्रपिंडांवर नाही. तापाने, वेदनेने, शस्त्रक्रियेने पाणी धरून ठेवणाऱ्या मुलांना पातळ द्रावण मिळत राहिले आणि काही मुलांच्या मेंदूला सूज आली. लहान मुलांची कवटी मेंदूने आधीच जास्त भरलेली असते, त्यांना सुजायला मोठ्यांपेक्षाही कमी जागा. अमेरिकन बालरोग अकादमीने रक्ताइतक्याच क्षारांचे द्रावण वापरावे असे स्पष्टपणे सांगितले ते 2018 मध्ये.

धावपटूंची गोष्टही अशीच उशिरा मान्य झाली. टिम नोक्स यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींतले रुग्ण 1985 मध्ये नोंदवले, पण ‘तहान लागण्याआधी प्या’ हा सल्ला पुढेही चालत राहिला. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यतीच्या शेवटी 488 जणांचे रक्त तपासले, तर 13 टक्क्यांचे सोडियम 135 किंवा त्याहून कमी निघाले. धावताना ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले होते, त्यांच्यात हे अधिक होते. आपल्याकडे आता गावोगावी मॅरेथॉन होतात आणि आयोजकांच्या सूचनांत पाण्याचा उल्लेख ठळक असतो. जास्त पाण्याचा क्वचितच.

प्रत्यक्ष वॉर्डात या सगळ्याचे काय होते? झटके येत असलेल्या रुग्णाला तीन टक्क्यांचे सलाइन 100 ते 150 मिलिलिटर लगेच दिले जाते. सोडियम चार ते सहा अंकांनी वर आले की मेंदूवरचा जीवघेणा दाब बहुधा उतरतो. त्याहून जास्तीची घाई लागत नाही. आजींसारख्या रुग्णांत चोवीस तासांत आठ ते दहापेक्षा अधिक वाढ होऊ द्यायची नाही, हा प्रचलित दंडक. आणि ती वाढ आपल्या हातात असतेच असे नाही. गोळी बंद केली, थोडे सलाइन गेले, की मूत्रपिंडे एकाएकी मोकळी होतात, भराभर पाणी सोडतात आणि सोडियम कुणीही न चढवता चढत जाते. तेव्हा मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावणारे डेस्मोप्रेसिन, म्हणजे एरवी ज्याने सोडियम उतरते तेच औषध, मुद्दाम द्यावे लागते. कधी शिरेतून साखरेचे पाणी देऊन सोडियम पुन्हा खाली आणावे लागते. नातेवाइकांना हे समजावून सांगणे हे रात्रपाळीच्या डॉक्टरचे सर्वांत अवघड काम असते.

हा दंडकही आता वादात आहे. 2023 मध्ये बॉस्टनमधल्या रुग्णालयांतल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या जुन्या नोंदी चाळल्या गेल्या. ज्यांचे सोडियम सावकाश वाढले त्यांच्यात मृत्यू अधिक, आणि मायलिनचा आजार एकूणातच फार दुर्मीळ, असे त्यात दिसले. सावकाशीने माणसे मरतात, असा अर्थ काहींनी लावला. स्टर्न्स यांच्या बाजूचे उत्तर असे की ज्यांचे यकृत किंवा हृदय निकामी होत आले आहे त्यांचे सोडियम मुळातच लवकर वर येत नाही, आणि ते मरतात ते त्या आजाराने. मला हे उत्तर पटते. पण जुन्या नोंदींवरून त्याचा निकाल लागणार नाही, दोन वेगांची समोरासमोर चाचणी करावी लागेल. शेवटचे प्रकरण या वादापाशी येऊन थांबते.